नांदे ते लोहगाव, तीस अंडी

नांदे, ता. मुळशी
२४ सप्टेंबर २०२५

शारदाताई,

पाकीट बघून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. हातात फोन असताना ही बाई डिंक लावत का बसली, असं तुम्हाला वाटेल. फोनवर बोलावं तर आमचे हे शेजारी बसून माझ्याआधी उत्तरं देतात. ग्रुपवर लिहावं तर तुमचा निरंजन आणि आमची आरोही आपल्याआधी वाचतात. आणि विषय आहे दोन विहिणींचा. तो विहिणींनीच मिटवलेला बरा.

आरोहीला सहावा लागला. जानेवारीच्या शेवटची तारीख दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही मी काढलेलं खूळ नाही. तरी परवा लेक म्हणते, "आई, नागपूरच्या आई म्हणतायत की नागपूर सोयीचं पडेल." सोयीचं कसं, ते मला कळेना. बंगळूरहून पुण्याचं विमान एक तास पस्तीस मिनिटं घेतं, नागपूरचं एक तास पन्नास. आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या क्षितिजानं लॅपटॉपवर बघून हे कागदावर उतरवून दिलंय. हवेतलं अंतर म्हणाल तर पुणं सव्वासातशे किलोमीटर आणि तुमचं नागपूर नऊशेच्या घरात. आता तुम्हीच सांगा, पोटुशी बाई जवळच्या घरी जाईल की लांबच्या?

आणखी एक आठवण करून देते. निरंजनला आम्ही वरची खोली अकरा महिन्यांच्या करारानं दिली होती. जाताना मुलगी घेऊन जाण्याचं कलम त्यात कुठंही नव्हतं. आम्ही तेव्हा तक्रार केली नाही. आता पहिलं नातवंड तरी आमच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्या. मला एकच लेक आहे, ताई. तिला तेल लावायचं, न्हाऊमाखू घालायचं, हे मी ती दहा वर्षांची असल्यापासून मनात धरून बसलेय.

तुमची,
सगुणा


नागपूर
३० सप्टेंबर २०२५

सगुणाताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा विहीण म्हणून, दुसऱ्यांदा तांबडं पेन हातात घेऊन. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, सवय जात नाही.

कपाटातला नकाशा काढला आणि दोरा लावून बघितला. तुमचं बरोबर आहे, पुण्याचा दोरा आखूड भरतो. पण मी पाचवीच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगायची की नकाशावरचं अंतर कावळ्याचं असतं, माणसाचं नसतं. विमान लोहगावला उतरतं. तुमच्या अंगणात उतरत नाही. माझं घर खामल्यात आहे, विमानतळापासून दारापर्यंत अठरा मिनिटं, सिग्नल लागला तरी. तुमच्या पत्रात लोहगाव ते नांदे या प्रवासाबद्दल एक अक्षर नाही. प्रश्नपत्रिकेत अवघड प्रश्न गाळून पुढं जाणारी मुलं मी पुष्कळ बघितलीत.

आणि तो रस्ता मला माहीत नाही असं समजू नका. लग्नाच्या दिवशी आमच्या वऱ्हाडाची बस हिंजवडीच्या चौकात अशी अडकली की नवरदेव मुंडावळ्या सांभाळत दोन किलोमीटर चालत आला. तुमच्या शेजारच्या सारजाबाई मला म्हणाल्या होत्या, "लई गुनाचा हाय नवरा, चालत आला, पन आला."

आता खरं ते लिहिते. हे जाऊन चार वर्षं झाली. या घरात रडायचं झालं तर मीच रडते, दुसरं कुणी नाही. एकदा तरी दुसऱ्या कुणीतरी भोकाड पसरावं आणि मी उठून पळत जावं, असं फार वाटतं. माहेरचा मान तुमचा, हे मला मान्य आहे. पण मान एकीकडे आणि तीन तास गाडीत बसणं एकीकडे. नांदे ते लोहगाव किती वेळ लागतो, तेवढं सांगा. मग बोलू.

शारदा


नांदे
४ ऑक्टोबर २०२५

बाई,

(आता ताई म्हणवत नाही, तांबडं पेन दिसतं.)

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही तोंडी दिलेलं नाही, जाऊन आणलंय. परवा ह्यांनी गाडी काढली. मी मागच्या सीटवर बसले आणि मांडीवर घरच्या कोंबड्यांची तीस अंडी, ट्रेमध्ये, वर काही झाकण नाही, खाली काही गादी नाही. लेकीला किती हादरे बसतील ते कळायला दुसरं काय नेणार? सारजाबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सगुणे, अंडी घिऊन कुटं? ईमानतळावर बाजार भरतोय व्हय?" हे म्हणाले, "बाजार न्हाई, तपासणी हाय."

नांदे, म्हाळुंगे, बालेवाडी, औंध, विद्यापीठ चौक, येरवडा आणि लोहगाव. एक तास दोन मिनिटं. ह्यांनी घड्याळ लावलं होतं. अंडी तीसच्या तीस शाबूत. परत आल्यावर त्यातल्या सहांची पोळी करून खाल्ली.

म्हणजे विमानतळावरून तुमची अठरा मिनिटं, आमची बासष्ट. विमानात आमची पंधरा मिनिटं वाचतात. उरली एकोणतीस. एकोणतीस मिनिटांसाठी पोरीचं माहेर मोडायचं का, हे तुम्हीच तुमच्या भूगोलाला विचारा.

सगुणा


नागपूर
१३ ऑक्टोबर २०२५

सगुणाताई,

अंड्यांचा प्रयोग मला मनापासून आवडला. माझ्या चौतीस वर्षांत इतकं चांगलं प्रात्यक्षिक एकाही विद्यार्थ्यानं केलं नाही. म्हणून गुण देण्याआधी एकदा वही नीट तपासली.

पत्रावर तारीख चार ऑक्टोबर. आत लिहिलंय "परवा". परवा म्हणजे दोन ऑक्टोबर. त्या दिवशी दसरा होता, ताई. आणि गांधी जयंतीही होती. एका दिवसात दोन सुट्ट्या. सगळी आयटी आपापल्या गावी सोनं वाटत होती आणि तुम्ही दोघं रिकाम्या रस्त्यावरून अंडी फिरवून आणलीत. तुमचे कुशाबा भोळे आहेत असं मी समजत होते. आता वाटतं, हा दिवस त्यांनी निवडला नसावा. दुसऱ्या कुणीतरी निवडला.

गृहपाठ परत करा. मंगळवारी, सकाळी नऊला निघून. कोंबड्या त्याच चालतील.

मी इकडे दिवाळीची आवराआवर काढलीय. माळ्यावर निरंजनचा पाळणा आहे, सागवानी, ह्यांनी स्वतः सुताराजवळ बसून करून घेतलेला. तो खाली काढून पुसून ठेवते. कोणत्या गावी जायचाय ते नंतर ठरेल.

शारदा


नागपूर
३ नोव्हेंबर २०२५

सगुणाताई,

दिवाळी झाली. पत्र नाही. निकाल काय?
थोडक्यात लिहिते. पेन नीट चालत नाही.

शा.


नांदे
८ नोव्हेंबर २०२५

शारदाताई,

तुमचं चार ओळींचं पत्र काल आलं. एरवी तुमचं अक्षर म्हणजे मोत्याची ओळ, आणि हे असं वाकडंतिकडं, कागद फाडायच्या बेतात आलेलं. तुम्ही रागावलात. पेनाचं निमित्त सांगू नका, रागात माझंही अक्षर असंच होतं. आणि तुमचा राग खोटा नाही.

दसऱ्याचा दिवस मीच निवडला होता. ह्यांना सांगितलं, शुभ दिवस आहे, आजच जाऊ. आमच्या भागात लहान पोरालासुद्धा माहीत आहे की रस्ता कोणत्या दिवशी रिकामा असतो. तुम्हाला नागपुरात ते कळणार नाही, असं धरून चालले होते.

याच मंगळवारी, चार तारखेला, गृहपाठ केला. नऊला निघालो. दहा वाजले तेव्हा म्हाळुंग्याचा पूल दिसत होता, पण पुढं सरकत नव्हता. पुढं एके ठिकाणी रस्ता खणलेला, दुसऱ्या ठिकाणी खणून बुजवलेला, आणि बुजवलेला जास्त वाईट. हे स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "हितं रस्ता न्हाईच, नुसत्या गाड्या हायेत." लोहगावला पोचायला दोन तास पन्नास मिनिटं लागली. अकरा अंडी फुटली. माझं लुगडं पिवळं झालं.

घरी आल्यावर ट्रे ओट्यावर ठेवला आणि त्या अकरा खड्ड्यांकडे बघत बसले. मला माझी हौस पोरीपेक्षा मोठी वाटायला लागली होती, ताई. आणि समजा अवेळी कळा आल्या आणि इथून दवाखाना गाठायचा झाला, तर तोही याच रस्त्यानं.

आरोहीला नागपूरला न्या. अठरा मिनिटं ती अठरा मिनिटं. मला फक्त एक द्या. बाळ झालं की आठ दिवस मला तिथं येऊन राहू द्या. तेल मी लावीन. स्वयंपाकघरात तुमचंच राज्य, मी फोडणीलाही हात लावणार नाही.

सगुणा


नागपूर
८ नोव्हेंबर २०२५

सगुणाताई,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. मागच्या पत्रात पेनाचं खोटं सांगितलं. पेन चांगलं होतं. ते डाव्या हातात होतं.

दिवाळीच्या दोन दिवस आधी पाळणा काढायला स्टुलावर चढले. पाळणा आला, स्टूल गेलं. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. पाळण्याला खरचटलंसुद्धा नाही. शेजारच्या सृष्टीनं दवाखान्यात नेलं आणि वर मलाच रागावली, "काकू, सांगायचं ना." मुलांना कळवलं नाही. कळवलं असतं तर निरंजन उठून आला असता, आणि तुमच्यासमोर माझी बाजू पडली असती. बघा, बासष्ट वर्षांच्या बाईची अक्कल.

डॉक्टर म्हणतात, प्लास्टर निघालं तरी मार्चपर्यंत वजन उचलायचं नाही. मी विचारलं, तीन किलोचं? तर म्हणाले, तेही वजनच. दवाखान्यातून बाहेर पडून रिक्षात बसले आणि रडले. हात दुखत नव्हता.

तेव्हा रस्त्याला कितीही वेळ लागो, आरोहीला माहेरी न्या. मंगळवारच्या गृहपाठाची गरज नाही, पूर्ण गुण दिले. पाळणा मी ट्रान्सपोर्टनं नांद्याला पाठवते. फक्त बाळाला त्यात पहिल्यांदा घालाल तेव्हा कॅमेरा सुरू ठेवा.

हे एवढं लिहायला दीड तास लागला. तेवढ्यात तुमचं विमान पोचतं.

शारदा


बंगळूर
२० नोव्हेंबर २०२५

दोन्ही आयांना,

एकच पत्र आहे, दोन प्रती काढल्यात. कुणाला आधी मिळालं यावरून भांडू नका.

तुमचा पत्रव्यवहार मला सगळा कळलाय. बाबांनी फोनवर "अंडी लई फुटली गं" म्हणून सुरुवात केली आणि मग थांबेचनात. हाताचं सृष्टीनं कळवलं. नागपूरच्या आई, तुम्ही हात मोडून गप्प बसलात याचा निरंजनला राग आहे. आणि नांद्याची आई, तू मला अंड्यांत मोजलंस, याचा मला आहे.

तुम्ही दोघींनी मिनिटं मोजली, किलोमीटर मोजले, कोंबड्यांना कामाला लावलं. मला कुठं जायचंय हे कुणी विचारलं का? विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला कुठंच जायचं नाही. माझी डॉक्टर इथं आहे, निरंजन इथं आहे. घरापासून दवाखाना चालत सात मिनिटांवर आहे. ही सात मिनिटं तुमच्या दोघींच्या कुठल्याही आकड्यापेक्षा कमी आहेत.

विमानात बसायचंय ते तुम्ही बसा. १९ जानेवारी, सोमवार. नांद्याच्या आईचं विमान पुण्याहून साडेआठला सुटून दहा-पाचला उतरतं. नागपूरच्या आईंचं पावणेनऊला सुटून दहा-पस्तीसला. तारीख तीसची आहे, म्हणजे हातात अकरा दिवस राहतात. तेवढ्यात मला तेल कोण लावणार हे ठरवून घ्या.

तुमची,
आरोही


नागपूर
५ जानेवारी २०२६

सगुणाताई,

हे उजव्या हाताचं अक्षर. थरथरतंय, पण माझं आहे.

तुमचं नोव्हेंबरच्या आठ तारखेचं पत्र आणि माझं आठ तारखेचं पत्र वाटेत कुठंतरी एकमेकांना ओलांडून गेली असणार. अजून आठवलं की हसू येतं, आणि मग हसू येत नाही. तुम्ही लेक देऊन टाकत होतात.

तिकिटं बघितली. तुम्ही माझ्याआधी तीस मिनिटं उतरता. म्हणजे मी पोचेपर्यंत तुम्ही पुढं जाऊन लेकीच्या डोक्यावर तेल थापलेलं असणार. थांबा असं म्हणत नाही. मुलीच्या आईला कुणी थांबवू नये. पहिल्यांदा विमानात बसताय म्हणून एक सांगते, कान दुखले तर जांभई द्या.

शारदा


नांदे
१० जानेवारी २०२६

शारदाताई,

मी का थांबेन? अर्धा तास एखाद्या खांबापाशी उभं राहायला मी काय सामान आहे? उतरले की सरळ लेकीकडं. तुम्ही या सावकाश, मनगट सांभाळत.

विमानाची भीती वाटते. सारजाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "वर खड्डं न्हाईत, मग कशाला भेतीयास?" तेवढाच धीर आला. आम्ही लोहगावला जायला पहाटे चारला निघणार. डिंकाचे लाडू एका कापडी पिशवीत घेतलेत, लुगडी आधीच पार्सलनं पाठवलीत, दुसरं सामान नाही. पिशवी मांडीवरच ठेवीन.

सगुणा


बंगळूर
६ मार्च २०२६

सगुणाताई,

सव्वा महिना संपवून तुम्ही सोमवारी नांद्याला गेलात आणि घर एकदम मोठं झालं. नात आत्ताच झोपलीय. नागपूरचा पाळणा ट्रान्सपोर्टनं शेवटी इथंच आला, त्यात. हे सांगायची गरज नाही, दिवसातून चारदा तुम्ही फोनवर विचारताच. पण आज एक जुनी वही तपासायची राहिली होती, म्हणून पत्र.

१९ जानेवारीला ती अकरा दिवस आधी आली. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी. तेव्हा तुम्ही हवेत, मी हवेत. ना माहेर, ना सासर. एवढ्या मोजमापांनंतर ती जन्मली तेव्हा तिच्या दोन्ही आज्या जमिनीवरच नव्हत्या.

मी दहा-पस्तीसला उतरले. सामान घेऊन बाहेर आले तर तुम्ही खांबाला टेकून उभ्या. मी विचारलं, गेला नाहीत? तुम्ही म्हणालात, "माझी बॅग पट्ट्यावर सापडंना. आणि हा फोन काय लागंना." मग तुम्ही फोन माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, बघा बरं, काहीतरी आलंय. मी उघडलं. तो पहिला फोटो आपण दोघींनी डोकं डोक्याला लावून बघितला. मी रडले. तुम्ही मला धरलंत, डाव्या बाजूनं, मनगट सांभाळून. मला वाटलं, काय योगायोग.

काल निरंजन सहज बोलून गेला. त्यानं तुम्हाला दहा वाजून चौदा मिनिटांनी फोन केला होता. तो लागला होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, फोटो पाठवलाय, बाहेर गाडी उभी आहे, लगेच या, असं त्यानं सांगितलं होतं. तुम्ही त्याला म्हणालात, "व्हय, येते," आणि गाडीवाल्याला थांबवून ठेवलंत. फोटो उघडल्याची वेळ दहा अठ्ठावन्न आहे.

आणि ताई, तुमची बॅग पट्ट्यावर कशी असेल? तुमच्याकडं लाडवांची एक पिशवी होती. ती पूर्ण वेळ तुमच्या काखेत होती.

चव्वेचाळीस मिनिटं तुम्ही लेकीच्या लेकीचा फोटो हातात बंद धरून उभ्या राहिलात. मला हे कुठल्या नकाशात दाखवता येत नाही. मी तुमच्यावर तांबडं पेन चालवलं, त्याची आज लाज वाटते.

शारदा


नांदे
१२ मार्च २०२६

शारदाताई,

निरंजनच्या पोटात काही राहत नाही. भाडेकरू होता तेव्हाही असाच होता.

बॅगेचं खोटं सुचलं ते घाईत. आणि फोटो उघडला नाही हे पूर्ण खरं नाही. दोनदा बोट नेलं होतं. पण तुम्ही पाळणा काढताना हात मोडून घेतलात, आणि आठ तारखेला डाव्या हातानं दीड तास बसून मला लिहिलंत की माहेरी न्या. ते पत्र माझ्या पिशवीत होतं, लाडवांच्या खाली. मग बोट मागं घेतलं. एकटीनं बघितलं असतं तर आनंद झाला असता, पण सांगायला शेजारी कुणी नसतं. त्या विमानतळावर मला तुमच्याशिवाय कोण ओळखत होतं?

आता कामाचं. नातीला नांद्याला पहिल्यांदा आणायचंय, आणि तुम्हीही यायचंय. हे कालपासून कोंबड्यांच्या खुराड्याभोवती घिरट्या घालतायत, परत तपासणी करू म्हणतात. मी सांगितलं, अंडी राहू द्या, दिवस मी निवडते. एक मे, शुक्रवार. महाराष्ट्र दिन, सगळ्या कंपन्या बंद.

आरोही-निरंजन बंगळूरहून येतील, तुम्ही तोवर घरी गेलेल्या, म्हणून नागपूरहून. जे आधी उतरतील त्यांनी थांबायचं.

तुमची,
सगुणा